बदकांखालचं तूस

मुलांनो, जरा उजवा हात पुढे करा. तळहातावर मूठभर भाताचं तूस ठेवलंय असं समजा. वजन लागतंय का? नाही लागत. फुंकर मारली तर उडून जाईल. आतला तांदूळ कुणाच्या तरी भांड्यात गेला आणि हे मागे राहिलं. आता समजा, की तुमच्यासमोर भिंतीत एक जळतं भोक आहे आणि अशा मुठी एकामागून एक त्यात टाकत राहायचं आहे. ढीग टाकायचा नाही. ढीग टाकला की विस्तव गुदमरतो आणि गुदमरलेला विस्तव एकदम तोंडावर येतो. थांबायचंही नाही. थांबलात तर भिंतीपलीकडे, घुमटाच्या पोटात छतापर्यंत रचलेल्या विटा थंड पडू लागतात. उजवा हात भरून आला तर डावा. जेवायचं असेल तर तुमच्या जागी दुसऱ्या कुणीतरी बसायचं. दिवस मावळला म्हणून काम संपत नाही, सकाळ झाली म्हणून सुरू होत नाही. भट्टी एकदा पेटली की ती पिकेपर्यंत तिला भरवायचं.

जमलं का? मग आता मी तुम्हाला दियेपची गोष्ट सांगतो. हे काम तिचं होतं.

मेकाँग नदी समुद्राला मिळण्याआधी हाताच्या बोटांसारखी फुटते. तिथे एका कालव्याकाठी पालथ्या मडक्यांसारख्या भट्ट्या ओळीनं उभ्या होत्या. त्या वर्षी धूर फक्त एकीतून निघत होता, दियेपच्या नवऱ्याच्या, थुआनच्या. बाकीच्यांच्या घुमटांवर गवत उगवलं होतं आणि दारं कुलूपबंद होती. माणसं शहराकडे गेली होती, बूट शिवायच्या कारखान्यांत.

दियेप मूळची भातगिरणीवाल्याची मुलगी. माहेरी तूस म्हणजे कटकट होती. गिरणीतून ते सारखं पडायचं, ढीग छपराला टेकायचा आणि अंधार पडला की ती आणि तिचा थोरला भाऊ लोइ टोपल्या भरभरून नदीत ओतायचे. सकाळी खालच्या अंगाच्या बायका पाण्यावरचं तूस घागरीनं बाजूला सारत शिव्या द्यायच्या. सासरी आली तर इथे त्याच तुसाची वाट पाहत माणसं धक्क्यावर उभी. तिला तेव्हा हसू आलं होतं. तिच्या आईनं मात्र ते मनावर घेतलं. दर हंगामाला गिरणीची होडी काठोकाठ भरून ती मुलीच्या दारात पाठवायची, आणि लोक म्हणायचे, पोरीला सोनं घालतात तसं हिला तूस घातलं.

आता आई नव्हती. गिरणी लोइची होती. यंदा नव्या वर्षाच्या जेवणाला त्यानंच सांगितलं होतं, की भट्टी लावा, तुसाची काळजी करू नका. त्या बोलावर थुआननं वर्षभराची माती विटांत घातली, विटा वाळवल्या, घुमटात रचल्या, चहा आणि कोंबडी ठेवून भट्टीच्या देवीला हात जोडले आणि आग लावली. दोन होड्या आल्या. तिसरी आली नाही.

आग लावून आठवडा उलटला होता. घुमटाच्या टोकातून निघणारी पांढरी वाफ थांबली होती, म्हणजे विटांतलं पाणी गेलं होतं. आता खरी आग सुरू झाली होती आणि ती अजून तितकेच दिवस टिकवायची होती. मध्येच खंड पडला तर वीट बाहेरून लाल दिसते आणि आतून मातीच राहते. अशी वीट कुणी घेत नाही. मग त्यांच्याही दाराला कुलूप लागणार होतं. हे तिघांनाही ठाऊक होतं, त्यांच्या अकरा वर्षांच्या लेकीला, लुआलाही. त्यामुळे घरात त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं.

थुआन भट्टीच्या तोंडाशी बसून तूस टाकायचा. मनगट झटकलं की तूस पंख्यासारखं पसरून आत पडायचं आणि पडता पडता पेटायचं. त्याच्या उजव्या हातावर केस नव्हते. तासा-दोन तासांनी तो उठायचा, लांब दांड्याच्या फावड्यानं जाळीवरची राख खाली पाडायचा आणि दियेप त्याच्या जागी बसायची. मागच्या वर्षापर्यंत हाताखाली एक जोडपं होतं. तेही शहराला गेलं. शेजारचा तुओंग, ज्याची भट्टी केव्हाच विझली होती, तो गंमत म्हणून येऊन बसायचा, आणि तो बसला की दोघं एकदम जेवायची.

तिसऱ्या होडीचा पत्ता तुओंगनंच सांगितला. तो मासे आणायला वर गेला होता. गिरणीची होडी त्यानं वळणावर पाहिली, भरलेली. ती कांडी कारखान्याच्या फाटकात शिरली. तिच्या पाठोपाठ वरच्या गिरणीची, आणि तिच्याही पाठोपाठ नदीपलीकडची. सगळ्या गिरण्यांनी वर्षाचं तूस त्या कारखान्याला बांधून दिलं होतं. तिथे ते दाबून त्याच्या कांड्या करतात आणि जहाजानं थंड मुलखात पाठवतात. तिकडे लोक कोळसा बंद करून त्या जाळतात.

"तुझा मेव्हणा मोठा माणूस झाला," तुओंग थुआनला म्हणाला. "आता तो नुसता तुझी भट्टी नाही, अख्ख्या जगाची चूल पेटवतो."

थुआननं कोठीकडे पाहिलं. तुसाचा ढीग त्याच्या कमरेइतका राहिला होता.

दुसऱ्या दिवशी आईचं श्राद्ध होतं. मुलीनं जायलाच हवं. थुआन आणि तुओंग भट्टीवर थांबले आणि दियेप लुआला घेऊन छोट्या होडीतून निघाली. निघताना थुआन एवढंच म्हणाला, "विचार. पण भांडू नकोस."

लोइच्या घराला आता फरशी होती. मागच्या अंगणात बायका उकिडव्या बसून बदक सोलत होत्या, भाज्या चिरत होत्या. दियेप जाऊन त्यांच्यात बसली आणि कुणी न सांगता मोठ्या पातेल्याखालचा जाळ सांभाळायला लागली. ते काम तिच्याकडे आपोआप यायचं. हात मागे नेऊन लाकूड शोधलं तर हाताला पोतं लागलं. पोत्यात काळपट, गुळगुळीत, हातभर लांबीच्या कांड्या होत्या, मधून पोकळ.

लुआनं एक उचलून हुंगली. "हे कशाचं आहे, मामी?"

"तुसाचंच की गं," मामी म्हणाली. "तुझ्या मामाच्या गिरणीतलं. किती छान जळतं बघ, धूर नाही की काही नाही."

"मग आमच्याकडे न येता हे इकडे का आलं?"

बायका हसल्या. एक म्हणाली, पोरगी आईसारखी आहे. दियेपनं लुआच्या हातातली कांडी काढून घेतली आणि चुलीत सारली. ती खरंच छान जळत होती.

नैवेद्य झाला, उदबत्त्या लागल्या, फोटोतली आई नेहमीसारखी कुणाकडेच न पाहता बसली होती. पुरुषांच्या पंगतीत कारखान्याचा एक साहेब होता, तरुण, पांढऱ्या सदऱ्यातला. लोइ हात धुवायला रांजणापाशी आला तेव्हा दियेपनं त्याला गाठलं. तिनं हळूच सांगितलं, की कोठीत दोन दिवसांचं आहे, भट्टी ऐन आगीत आहे, दोन होड्या दे, फार तर दीड, बाकी कसंतरी करू.

लोइनं हात पुसले. "आईच्या दिवशी हा विषय नको, धाकटे."

"आई असती तर विचारावं लागलं नसतं."

"आई असती तर आपण अजून नदीत ओतत असतो." हे तो रागानं नाही, समजावून सांगितल्यासारखं म्हणाला. मग त्यानं सांगितलं की प्रत्येक होडी मोजून घेतात, एक कमी पडली तर वर्षाचं काम जातं. नव्या वर्षाच्या जेवणाला तो बोलला ते खरंच होतं, पण तेव्हा हे ठरलं नव्हतं. त्याचा नाइलाज आहे. शिवाय चांगलं काम आहे. आपण जे फेकत होतो त्यावर दूर देशी थंडीत घरं गरम होतात. भाताचं पीक दर वर्षी येतं, तूस दर वर्षी येतं, कोळशासारखं संपत नाही. बहिणीला अभिमान वाटायला हवा.

"आणि आमच्या भट्टीत काय जळतं? आम्हीही तूसच जाळतो, दादा."

"तुमची भट्टी गावभर धूर सोडते."

साहेब तोवर जवळ आला होता. लोइनं ओळख करून दिली, ही माझी धाकटी बहीण, यांची जुन्या पद्धतीची भट्टी आहे. साहेबानं दोन्ही हात जोडले आणि विचारलं, "अजून चालते?" त्यात कुत्सितपणा नव्हता. एखाद्याच्या म्हाताऱ्या आजीची चौकशी करावी तसं त्यानं विचारलं होतं. दियेपनं मान हलवली आणि पातेली घासायला गेली. सगळी पातेली घासून होईपर्यंत ती उठली नाही.

निघताना मामीनं केळीच्या पानात उरलेलं जेवण बांधून दिलं, आणि गड्यानं कांड्यांचं एक पोतं आणून होडीत ठेवलं. लोइनं पाठवलं होतं, घरच्या चुलीला. दियेपनं जेवण ठेवून घेतलं. पोतं तिनं दोन्ही हातांनी उचलून परत धक्क्याच्या पायरीवर ठेवलं. लुआ बघत राहिली. होडी सुटल्यावर बराच वेळ दियेप वल्हं जरुरीपेक्षा जोरात मारत होती.

परतीच्या वाटेवर मुओइ म्हातारीची बदकांची खुराडी लागतात. म्हातारीनं बदकं विकली होती आणि नवी पिल्लं आणायच्या आधी खुराडी साफ करायला काढली होती. दारातून बाहेर ढकललेला ढीग दियेपला लांबून दिसला. तूस. बदकांखाली अंथरलेलं, तुडवून काळं झालेलं, पण तूसच. तिनं होडी काठाला घेतली.

म्हातारीला तिनं विचारलं, ह्याचं काय करणार. म्हातारी म्हणाली, कालव्यात लोटणार, दुसरं काय. तुला हवं असेल तर सगळं घेऊन जा, वर मी तुझे पाय धरीन. पण उपसायचं तुलाच, माझी कंबर गेली आहे.

मायलेकी खुराड्यात शिरल्या. वरचं तूस भुसभुशीत होतं, खालचं थरांनी चिकटलेलं. फावडं घातलं की वाफ निघायची आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं. श्वास तोंडानं घ्यावा तर जिभेवर चव यायची. दियेपनं श्राद्धासाठी घातलेला चांगला सदरा काढून लुआच्या नाका-तोंडाला बांधला आणि स्वतः आतल्या बंडीवर उपसत राहिली. कुजल्या तुसात हात कोपरापर्यंत घालून तिनं पाहिलं, आत गरम लागत होतं. वाळेल, ती म्हणाली. ऊन चांगलं आहे, दोन दिवसांत वाळेल. लुआच्या तळहातांना फोड आले. तिनं ते आईला दाखवले नाहीत, फक्त फावड्याचा दांडा चिंधीनं धरायला लागली. होडी भरली, घरी जाऊन रिकामी केली, पुन्हा आल्या. म्हातारीनं मोठी होडीही दिली. संध्याकाळपर्यंत विटा वाळवायचं सगळं आवार काळ्या तुसानं भरून गेलं. दियेपच्या अंगाला असा वास येत होता की लुआ जेवताना थोडी लांब बसली.

थुआननं ते मूठभर उचललं, चोळलं आणि खाली टाकलं.

"बाबा म्हणायचे, पक्ष्यांखालचं भट्टीत घालायचं नाही."

"का?"

"का ते सांगितलं नाही कधी."

"त्यांच्याकडे निवडायला तूस होतं," दियेप म्हणाली. "दारात होड्या रांगेत उभ्या असायच्या. तुमच्याकडे काय आहे? जा, मोजा कोठीत किती आहे ते. मी आज त्या माणसासमोर हात पसरून आले, लुआचे बाबा. अजून एकदा पसरणार नाही."

थुआन कोठीकडे पाहत राहिला आणि मग भट्टीच्या तोंडाकडे. तुओंगच्या हातातलं तूस तेवढ्यात संपलं होतं आणि तो टोपली वाजवत होता. "बरं, सुकव," थुआन म्हणाला.

दोन दिवस मायलेकी ते दाताळ्यानं उलटत राहिल्या. कालव्यातून जाणाऱ्या होड्यांवरची माणसं नाक धरून ओरडायची, काय पेरलंय म्हणून विचारायची. शाळेतून येणारी पोरं लुआला बदक बदक म्हणून चिडवायला लागली. ती शाळेत गेलीच नाही मग. चांगलं तूस संपलं त्या दुपारी बदकांखालचं कोरडं झालं होतं, हातात घेतलं तर खुळखुळत होतं.

थुआननं पहिली मूठ टाकली. फडफड आवाज झाला, पिसं जळल्याचा वास आला आणि मग जाळ उठला, नेहमीपेक्षा उंच आणि पिवळाधमक. दियेप बघतच राहिली. दुसरी मूठ, तिसरी. आग खात होती.

"काय रे थुआन," तुओंग बांधावरून ओरडला, "लग्नाची बदकं भाजतोयस का? माझ्यासाठी एक तंगडी काढून ठेव."

दियेप हसली. कित्येक दिवसांत ती पहिल्यांदा हसत होती. त्या दिवशी तिनं दोन पाळ्या एकटीनं केल्या, थुआनला उठू दिलं नाही. मूठ टाकताना ती मनातल्या मनात भावाशी बोलत होती. विटा निघाल्या की पहिली टोपली भरून त्याच्या फरशीवर नेऊन ठेवायची, आणि म्हणायचं, चालते, अजून चालते.

तिसऱ्या दिवशी सकाळी थुआन राख पाडायला उठला. फावडं आत घातलं आणि खणकन वाजलं. त्यानं पुन्हा ढकललं. राख भुगा होऊन खाली पडायची ती पडत नव्हती. तो वाकला, डोळे बारीक करून आत पाहिलं. जाळीवर काहीतरी चकाकत होतं, हिरवट, काचेसारखं. राख वितळली होती. वितळून जाळीच्या फटींत शिरली होती आणि तिथेच थिजून बसली होती.

"खंगर," तो म्हणाला. विटांचं खंगर त्यांनी पाहिलं होतं, आग फार झाली की कडेच्या विटा वितळून एकमेकींना चिकटतात. राखेचं कुणी पाहिलं नव्हतं.

खालून हवा यायची ती बंद झाली होती. टाकलेलं तूस पेटेना, धुमसायला लागलं. काळा धूर तोंडातूनच उलटा बाहेर यायला लागला. थुआननं पहार आणली. तोंडाशी आडवा पडून तो खंगरावर घाव घालायला लागला. गरम होतं तोवर ते गुळासारखं खेचलं जायचं, तुटायचं नाही. पहारेचं टोक लाल झालं की तो ती पाण्यात बुडवायचा आणि परत पडायचा. दियेपनं त्याच्या पाठीवर ओलं पोतं टाकलं. पोतं वाळलं, तिनं दुसरं टाकलं. एकदा साठलेला धूर आत पेटला आणि जाळ भप्पकन बाहेर आला. थुआन मागे कोलमडला. त्याच्या भुवया गेल्या होत्या आणि उजव्या हाताची पाठ पांढरी पडली होती. तो पुन्हा आडवा पडला.

तुओंग धावत आला, त्यानं दुसऱ्या बाजूनं पहार घातली. लुआ कालव्यातून पाणी आणत होती. दुपार कलली तोपर्यंत जाळीचा एक कोपरा मोकळा झाला होता, टोपलीएवढा. पण भोकाच्या आत, विटांवर, जो लाल उजेड कायम दिसायचा, तो तांबूस झाला होता. मग करडा. थुआननं पहार टाकली आणि भिंतीला पाठ लावून बसला.

दियेप त्याच्यासमोर उभी राहिली. तो बोलेल म्हणून ती थांबली होती. तिला ते ऐकायचं होतं. सासऱ्यांचं नाव घेऊन तो बोलला असता तरी तिला चाललं असतं.

"बोला ना," शेवटी तीच म्हणाली. "माझ्यामुळे झालं. बोला."

थुआननं भाजलेला हात मांडीवर नीट ठेवला. "उरलेलं तूस झाकून ठेव," तो म्हणाला. "दव पडेल."

दियेप गेली आणि तिनं खरंच ते झाकलं, चारी कोपऱ्यांवर विटा ठेवून.

भट्टी लगेच उघडता येत नाही. आत ऊब असते, दार फोडलं तर आहे तेही तडकतं. म्हणून त्यांनी वाट पाहिली. कशाची ते त्यांना ठाऊक होतं, तरी पाहिली. त्या दिवसांत लोइ आला. होडी धक्क्याला लावून तो वर आला, घुमटाकडे पाहिलं, थुआनच्या हाताकडे पाहिलं. त्यानं मलम आणलं होतं. कारखान्यात जागा आहे असं त्यानं सांगितलं. तिथे ओलं तूस वाळवायला एक मोठी भट्टी आहे, तिला भरवायला जाणता माणूस हवा आहे. साहेबाशी तो बोलून आला होता.

"तिला काय भरवतात?" थुआननं विचारलं.

"तूस," लोइ म्हणाला.

दियेप चुलीपाशी होती. लोइ तिच्याकडे वळला. "मला नीट सांगितलं असतंस की इतकी अडचण आहे—"

"सांगितलं होतं."

"आईच्या दिवशी सांगितलंस, धाकटे. त्या दिवशी घरात किती माणसं."

जाताना तो कांड्यांचं पोतं ठेवून गेला. यावेळी दियेपनं ते परत नेलं नाही. घरात दुसरं जळण नव्हतं. संध्याकाळी तिनं त्यावर भात टाकला. धूर नव्हता, राख पांढरी आणि हलकी होती, आणि भात लवकर झाला.

थुआन हात बांधूनच कामावर गेला. पहिल्या दिवशी परत आला तेव्हा त्याच्या कानांत तूस होतं, आणि त्याच्याकडे सांगण्यासारखं एकच होतं. तिथे फाटकातच माणूस उभा असतो, तो प्रत्येक होडीत हात घालून बघतो. बदकांखालचं किंवा कोंबड्यांखालचं असलं तर होडी परत पाठवतात. थुआननं त्याला का म्हणून विचारलं. विष्ठेत खार असतो, त्यानं राख वितळते, असं तो म्हणाला. इतकं सांगून थुआन जेवायला बसला.

"बाबांना ठाऊक असेल का ते?" दियेपनं विचारलं.

"नसेल. त्यांना त्यांच्या बापानं सांगितलं असेल, घालू नको म्हणून." त्यानं डाव्या हातानं घास घेतला. "विचारलं नसेल त्यांनीही."

भट्टी उघडायच्या दिवशी थुआनची कारखान्यात पाळी होती. सुट्टी मागितली तर जागा जाईल, नवीन माणूस. एरवी दार फोडताना मालक पुढे असतो, पहिली वीट तो काढतो. त्या दिवशी तुओंगनं दार फोडलं. चिखलानं लिंपलेल्या विटा एकेक करून खाली टाकल्या, आतली शिळी ऊब बाहेर आली. तिघं आत वाकून पाहत राहिली. वरचे थर लाल होते. तुओंगनं हात लांब करून मधल्या थरातली एक वीट ओढली आणि अंगठ्यानं दाबली. कोपरा मातीसारखा खाली गळला.

त्यानं ती वीट हळूच जमिनीवर ठेवली. या भट्टीची त्यानं वर्षभर चेष्टा केली होती. राहू दे, तो म्हणाला. वरच्या थोड्या काढून ठेवू, बाकीचं राहू दे. आपोआप माती होते. माझंही झालं तसंच. तो तोंड धुवायला कालव्याकडे गेला आणि बराच वेळ आला नाही.

दियेप दारासमोर जमिनीवर बसली. हात मांडीत होते. एवढ्या वर्षांत उघड्या भट्टीसमोर ती कधी नुसती बसली नव्हती. आत जायला हवं हे तिला कळत होतं, पण ती बसूनच राहिली. ज्या माणसानं पहार टाकून दिली आणि जो दोषाचा एक शब्द बोलला नाही, तो आत्ता कुणाच्या तरी जाळीपुढे बसून मनगट झटकत असेल, हे तिच्या डोळ्यांसमोरून जात नव्हतं. तिनं लुआकडे पाहिलं नाही.

लुआ आत गेली. घुमटात अंधार होता. वरच्या उघड्या टोकातून उजेडाचा एक पट्टा खाली येत होता. तिनं दोन विटा काढल्या, दोन्ही हातांत एकेक, आणि उजेडात येऊन एकमेकींवर वाजवल्या. भद्द आवाज आला, कच्च्या विटेचा. तिनं त्या बाहेर आणून कालव्याच्या बाजूला ठेवल्या आणि परत गेली. पुढच्या दोन. भद्द. त्याही तिकडे. तिच्या हातावरच्या वाळलेल्या फोडांची कातडी निघाली, तिथे लाल माती भरली. बऱ्याच वेळानं एक वीट खणखणली. लुआनं ती पुन्हा वाजवून पाहिली, कानाशी धरून. मग ती बाहेर आणली, आईच्या पुढ्यात सपाट जमीन बघून सरळ ठेवली आणि पुढच्या दोन आणायला आत गेली.